रविवारची मिस्सा: सवलत कोणाला, पळवाट कोणती?

प्रश्न: मी रोज बायबल वाचतो, संध्याकाळी घरी सगळे मिळून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो. तरी रविवारी चर्चमध्ये जायलाच हवे का? देव घरी ऐकत नाही का? (एक वाचक, वसई)

ऐकतो, आणि रोझरी सोडूही नका. पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस अर्पणाची सामूहिक उपासना, ही घरच्या प्रार्थनेचीच मोठी आवृत्ती नव्हे. तिथे धर्मगुरू अभिवादन करतात आणि लोकांनी उत्तर द्यायचे असते. अर्पणाच्या प्रार्थना जवळजवळ सगळ्या ‘आम्ही’ म्हणून होतात. प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात करिंथकरांना लिहितो की भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. हे एकट्याने होत नाही.

रोममध्ये हुतात्मा जस्टिनने साधारण 155 साली रविवारचे वर्णन लिहून ठेवले. शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका जागी जमतात, वाचने होतात, प्रमुख बोध करतो, मग भाकर आणि द्राक्षारस आणला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (धर्मगुरूंचे साहाय्यक) तो प्रसाद पोहोचवतात. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांची सोय होते. आजाऱ्यांचे कम्युनियन (हाच भाकरीचा प्रसाद) आणि दानाची पिशवी मिस्सेला नंतर चिकटवलेली नाहीत, हे यावरून दिसतेच. पुढे 304 साली, रोमन सम्राट डायोक्लेशनची ख्रिस्ती उपासनेवर बंदी असताना, आजच्या ट्युनिशियातील अबितिना गावचे 49 जण एका घरात रविवारचा विधी करताना पकडले गेले. कार्थेजमध्ये चौकशी झाली तेव्हा त्यांचे उत्तर होते की रविवारच्या या विधीशिवाय आम्हाला राहवत नाही. वेगवेगळ्या घरांत एकेकट्याने प्रार्थना करून ते कदाचित वाचलेही असते.

म्हणूनच कॅथलिक धर्मसभेच्या कायद्याचे कलम 1247 मिस्सेचे बंधन घालते. सबळ कारण नसताना जाणूनबुजून ती चुकवली तर ते गंभीर पाप ठरते. अशा वेळी आधी कुमसार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली), मग कम्युनियन.

प्रश्न: रविवारी कामावर माझी पहिली पाळी असते. शनिवारी संध्याकाळी लग्नाची मिस्सा केली तर चालते का? (एक वाचक, नालासोपारा)

चालते. कलम 1248 प्रमाणे त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कोणत्याही कॅथलिक परंपरेत झालेली मिस्सा पुरते. वाचने रविवारची नसली तरी हरकत नाही, सिरो-मलबार कुर्बानाही (केरळच्या कॅथलिक परंपरेतली मिस्सा) चालतो. चूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे लग्न दुपारी असते. संध्याकाळ साधारण चारपासून धरतात, त्यामुळे बाराची मिस्सा रविवारसाठी धरता येत नाही. दुसरे, काही लग्ने मिस्सेविना, फक्त विवाहविधीने लागतात. पत्रिकेवरून ते कळेलच असे नाही, फादरांना विचारून घ्या.

2027 मध्ये नाताळ शनिवारी आहे. त्या संध्याकाळच्या एका मिस्सेत नाताळ आणि रविवार दोन्ही उरकता येणार नाहीत. बंधने दोन, मिस्साही दोन. पाळीमुळे शनिवारही जमत नसेल तर आधीच पॅरिश प्रीस्टना (आपल्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंना) भेटा. कलम 1245 प्रमाणे ते सूट देऊ शकतात किंवा तिच्या जागी दुसरे भक्तिकार्य सांगू शकतात.

प्रश्न: आई अंथरुणाला खिळून आहे, टीव्हीवर मिस्सा पाहते. ती धरली जाते का? (एक वाचक, विरार)

आईवर बंधनच नाही, त्यामुळे ‘धरण्याचा’ प्रश्न उरत नाही. टीव्हीवरची मिस्सा ही तिची प्रार्थना आहे, चांगली आहे. मात्र धडधाकट माणसाला ती मिस्सेऐवजी चालत नाही. तिला एकटे सोडता येत नसेल तर त्या वेळी तुम्हालाही बंधन नाही. पण घरात दोघे असाल तर एकाने शनिवारी संध्याकाळी आणि दुसऱ्याने रविवारी सकाळी जावे. इथे बरीच घरे उगीच सवलत घेतात.

तिच्यासाठी घरी कम्युनियन आणायला पॅरिश ऑफिसात नाव द्या आणि तिला गिळायला कितपत जमते ते तेव्हाच सांगा. त्रास असेल तर ऑस्तीचा (कम्युनियनच्या पातळ भाकरीचा) लहानसा तुकडा देता येतो. खाटेजवळ छोटे टेबल, त्यावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला व चमचा ठेवा. पाणी विसरू नका, कोरड्या तोंडात ऑस्ती टाळूला चिकटते आणि म्हातारी माणसे घाबरतात. पंखा बंद, टीव्ही बंद. कम्युनियनआधी एक तास उपवासाचा नियम आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही, तेव्हा औषधाची आणि खाण्याची वेळ चुकवू नका.

प्रश्न: किती उशिरा पोहोचलो तर मिस्सा ‘लागते’? (एक वाचक, पालघर)

कायद्यात मिनिटे दिलेली नाहीत. अर्पणाच्या आत पोहोचले की झाले, असा हिशेब जुने लोक सांगतात. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्पष्ट केले की प्रभुशब्द (वाचनांचा भाग) आणि ख्रिस्तप्रसाद (अर्पण व कम्युनियनचा भाग) मिळून उपासना एकच आहे. वाहतुकीत अडकलात तर मनाला लावून घेऊ नका. दर रविवारी शुभवर्तमानाचे वाचन संपल्यावरच पोहोचत असाल तर घड्याळ दहा मिनिटे पुढे करा, किंवा सरळ पुढच्या मिस्सेला जा.