बोलेरो पिकअपच्या मागच्या एअर बॅगसाठी कोणता कॉम्प्रेसर घ्यावा?

वरूडहून नागपूरला संत्र्याचे कॅरेट नेता, मागच्या कमानपाट्यांना जोड म्हणून दोन एअर बॅगा (हवा भरायच्या रबरी पिशव्या) लावल्यात आणि दुकानदार २०० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) कॉम्प्रेसर टाकीसकट घ्या म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय.

भाऊ, २०० च्या मागे लागू नका. अशा जोडबॅगा बहुतेक १०० पीएसआयच्या आतच भरायच्या असतात. बॅगेवर लिहिलेली कमाल मर्यादा पाहा आणि कॉम्प्रेसर तिच्यापेक्षा थोडा वरचा घ्या, पुरे. टाकीचंही तेच. एका बॅगेत तीन लिटर जागा धरली, तर दोन्ही ६० पीएसआयपर्यंत भरायला साधारण पंचवीस लिटर हवा लागते. छोटा कॉम्प्रेसरही हे काम दोन-तीन मिनिटांत करतो. चारही चाकं हवेवर असलेल्या गाडीला टाकी हवी, तुम्हाला नको.

खरं पाहायचं ते ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळापैकी कॉम्प्रेसर किती वेळ चालवता येतो ते. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालवा, वीस मिनिटं थंड होऊ द्या. हा आकडा बहुधा २२ अंशांच्या आसपास मोजलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून थर्मल कट-ऑफ (फार तापला की आपोआप बंद व्हायची सोय) नसलेला कॉम्प्रेसर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कॉम्प्रेसर चेसिसखाली सायलेन्सरजवळ बसवू नका. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथेच उडतो. सीटच्या मागे बसवा, निदान हवा ओढायचा फिल्टर तरी नळीनं तिथे आणा.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवायचा विचार सोडा, फ्यूज उडेल. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये रिले (जास्त करंट झेलणारा विजेवर चालणारा स्विच), एवढं करा. भरताना इंजिन चालू ठेवा.

आणि कळकळीनं सांगतो, दोन्ही बॅगा 'टी' (तीन तोंडांचा जोड) लावून एकाच नळीवर जोडू नका. वळणावर माल एका बाजूला रेलला की त्या बाजूची हवा दुसऱ्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी कलते. भरलेल्या पिकअपला हे जिवावरचं आहे. डावी-उजवी लाइन वेगळी, गेजही वेगळं ठेवा. बॅगेमुळे गाडी वर उचलली दिसते, पण आरसी बुकावरचं वजन तेवढंच राहतं, तेवढाच माल भरा.

वाचलेले पैसे चांगल्या नळीत आणि फिटिंगमध्ये घाला. बसवून झालं की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. गाडी रिकामी असली तरी बॅगेत पाचेक पीएसआय राहू द्या, नाहीतर रबर घडी पडून चिमटतं.