कान वाहिल्याच्या खुणा हाडावर

मध्ययुगीन कबरींतल्या सांगाड्यांवरून कानाचा आजार ओळखतात म्हणे. कान तर कुजून जातो, मग खूण उरते कुठे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

कानाची पाळी आणि पडदा जातो, पण कानामागचं मॅस्टॉईडचं हाड टिकतं. त्याच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्या बालपणात वाढतात. त्या वयात कान वर्षानुवर्षं वाहत राहिला, तर पोकळ्या नीट तयार होत नाहीत आणि हाड घट्ट, भरीव होतं. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये हे दिसतं. डेन्मार्कमधल्या मध्ययुगीन कवट्यांचा असा अभ्यास झाला आहे. मात्र काहींच्या पोकळ्या जन्मतःच कमी असतात, म्हणून दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. एकच बाजू भरीव असेल, तर आजाराची शंका बळावते.

पू हाड फोडून बाहेर आला असेल, तर कानामागे भोक राहतं. इथेच घोटाळा होतो, कारण झाडाची मुळं, किडे आणि कुदळसुद्धा भोक पाडतात. भोकाची कड गोलसर, गुळगुळीत आणि भोवती नव्या हाडाचा खरखरीत थर असेल, तर माणूस जिवंत असताना हाडाने प्रतिसाद दिला होता. कड धारदार आणि आतला रंग पृष्ठभागापेक्षा फिका असेल, तर ती मोडतोड नंतरची.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पू मेंदूकडे गेला, तर माणूस थोड्याच दिवसांत दगावायचा. असा संसर्ग रोखणारं पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचलं ते 1940च्या दशकात. इतक्या थोड्या दिवसांत हाड बदलायला वेळच मिळत नाही. त्यामुळे स्वच्छ दिसणारं हाड म्हणजे निरोगी कान असं धरू नये. उलट जुनी, भरलेली जखम दाखवणारा माणूस त्या आजारातून काही काळ तरी तगला होता.

कानाच्या नळीत हाडाच्या गाठी दिसल्या, तर तो संसर्ग समजायचा का?
– एक वाचक, दिवाळे, नवी मुंबई

नाही. थंड पाण्यात वारंवार बुड्या मारणाऱ्यांच्या नळीत अशा गाठी येतात. आपल्या खाडीचं पाणी तेवढं गार नसतं.

हातोडा, ऐरण, रिकीब ही कानातली चिमुकली हाडं मातीतून मिळतात का? मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे.
– एक वाचक, नेरुळ

मिळतात, पण कवटी आधी धुतली तर बहुधा जातात. रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची असते. म्हणून आधी पांढऱ्या ट्रेवर कान खाली करून कवटी धरा, नळीतली माती लाकडी काडीने हळूहळू सैल करा आणि ती माती 0.5 मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुवा. मोठ्या चाळणीतून रिकीब निसटते. डावी आणि उजवी बाजू वेगळ्या डब्यांत ठेवून लगेच चिठ्ठी लावा. नंतर आठवणीवर विसंबू नका.

मग 10 पट भिंगाखाली ऐरणीचा लांब दांडा पाहा. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून जुन्या संसर्गात बहुधा तोच आधी झिजतो. झिजलेलं टोक निमुळतं, गोलसर दिसतं. तुटलेलं टोक तिरपं आणि धारदार.

रिकीब खिडकीत, म्हणजे आतल्या कानाकडे उघडणाऱ्या छोट्या भोकात, अडकलेली दिसली तर ओढू नका, तिचे पाय मोडतील. तो ओटोस्क्लेरोसिस, म्हणजे रिकीब जागीच जखडणारा हाडाचा आजार, असू शकतो किंवा नुसती घट्ट झालेली माती. फरक मायक्रो-सीटीत, म्हणजे अगदी बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये कळतो, कारण आजारात रिकिबीच्या तळाचं हाड खिडकीच्या कडेशी जुळलेलं असतं.