ग्रीपेनची पकड, व्हिग्गेनचे वज्र आणि काही गैरसमज

एका वाचकाने विचारले आहे : 'स्वीडनच्या लढाऊ विमानाचे नाव मराठीत ग्रिपेन, ग्रीपन, ग्रायपेन असे निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले दिसते. त्यांपैकी बरोबर कोणते? या नावाचा अर्थ "पकड" असा आहे का? आणि व्हिगेन या त्यांच्या जुन्या विमानाचे नाव आपल्या "वज्र" या शब्दाच्याच धातूपासून आले आहे, असे वाचनात आले. त्यात तथ्य किती?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. बरोबर रूप 'ग्रीपेन', आणि त्यातला 'री' दीर्घ. 'ग्रायपेन' हा उच्चार वृत्तवाहिन्यांवर वारंवार ऐकू येतो आणि दर वेळी कानाला खटकतो, कारण तो स्वीडिशही नाही आणि मराठीही नाही. स्वीडिश अक्षरे इंग्रजी सवयीने वाचली की तो तयार होतो. वास्तविक स्वीडिश लेखन याबाबतीत फार सरळ आहे. आघात असलेल्या स्वरानंतर एकच व्यंजन लिहिलेले असेल तर तो स्वर दीर्घ, आणि जोडीने व्यंजने आली असतील तर ऱ्हस्व, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. 'ग्रीपेन'मध्ये प एकेरी आहे, म्हणून ई दीर्घ. 'व्हिग्गेन'मध्ये ग दुहेरी आहे, म्हणून इ ऱ्हस्व. तेव्हा 'व्हिगेन' हे रूपही सुधारून 'व्हिग्गेन' असे लिहायला हवे. स्वीडिश त आणि द हे दंत्य असल्यामुळे त्यांच्या आणखी जुन्या विमानांची नावे 'टुनान' आणि 'ड्राकेन' अशी लिहिण्याचेही कारण नाही. इंग्रजीला दंत्य आणि मूर्धन्य हा भेद दाखवता येत नाही, मराठीला तो जन्मजात येतो. मग 'तुन्नान' आणि 'द्राकेन' लिहिण्यात संकोच कसला?

'पकड' या अर्थाचा उगम इंग्रजीतल्या 'ग्रिप'मध्ये आहे, हे उघड आहे. स्वीडिशमध्ये 'ग्रीपा' म्हणजे पकडणे हे क्रियापदही आहे आणि 'ग्रीपेन' हे त्याचे भूतकालवाचक धातुसाधित आहे. परंतु त्याचा अर्थ 'पकडलेला' असा होतो, आणि तिथल्या बातम्यांत तो पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या माणसाविषयी वापरला जातो. लढाऊ विमानाला असे नाव कोणी देणार नाही. विमानाच्या नावातला शब्द 'ग्रीप' हे नाम आहे, आणि तो सिंहाचे धड, गरुडाचे डोके व पंख असलेल्या पुराणप्राण्याचा वाचक आहे. ग्रीकमध्ये याला 'ग्रुप्स' म्हणत, लॅटिनमधून तो युरोपभर पसरला. मराठीत काही जण त्याचे भाषांतर 'गरुड' असे करतात, तेही मला मान्य नाही, कारण ज्याला सिंहाचे धड नाही तो ग्रीप नव्हे. हे नाव १९८२ साली जनतेकडून सूचना मागवून ठरवण्यात आले. विमान तयार करणाऱ्या साब कंपनीचे मुख्य केंद्र लिंशोपिंग या शहरात आहे, ते शहर ज्या एस्तेरयोतलांद प्रांतात येते त्याच्या मुद्राचिन्हावर हाच प्राणी आहे, आणि साबच्या बोधचिन्हातही तो स्कानिया कंपनीशी झालेल्या विलीनीकरणामुळे आला. स्कानियाकडे तो स्कोने या दक्षिणेकडच्या प्रांताच्या चिन्हावरून आलेला होता.

इथे एक सुंदर योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वीडिश हवाई दलाचे नाव 'फ्लीगव्हापनेत'. भूदलाच्या आणि नौदलाच्या वैमानिक तुकड्या एकत्र करून १ जुलै १९२६ रोजी ते स्वतंत्र दल म्हणून उभे राहिले. त्यातला 'व्हापेन' हा शब्द शस्त्र या अर्थाचा आहे, सैन्याची एक शाखा या अर्थाचा आहे, आणि प्रांताचे किंवा घराण्याचे मुद्राचिन्ह या अर्थाचाही आहे, कारण मध्ययुगात ते चिन्ह ढालीवरच रंगवलेले असे. म्हणजे ज्या दलाच्या नावात 'व्हापेन' आहे, त्या दलाच्या विमानाचे नाव एका 'व्हापेन'वरच्या प्राण्यावरून आलेले आहे.

ग्रीपच्या दुहेरी देहाला साजेसेच या विमानाचे कामही आहे. नावापुढे जी 'जेएएस' अक्षरे लिहितात, ती 'याक्त', 'अताक' आणि 'स्पानिंग' या शब्दांची आद्याक्षरे आहेत : शिकार, हल्ला आणि टेहळणी. आपण ज्याला लढाऊ विमान म्हणतो त्याला स्वीडिश माणूस शिकारी विमान म्हणतो. आधीच्या पिढीत ही कामे वाटलेली होती. व्हिग्गेनचीच हल्ल्यासाठी एक, शिकारीसाठी दुसरी, छायाचित्रण-टेहळणीसाठी तिसरी आणि समुद्रावरील टेहळणीसाठी चौथी अशी वेगवेगळी रूपे होती, आणि प्रत्येकाची आद्याक्षरे निराळी होती. ९ डिसेंबर १९८८ रोजी प्रथम उडालेल्या ग्रीपेनने ती सर्व कामे एकाच विमानात आणली. त्याच्या २०१७ साली प्रथम उडालेल्या 'ई' आवृत्तीपर्यंत ही तीन अक्षरे कायम आहेत.

आता नावांच्या शेवटी येणाऱ्या 'एन'कडे वळू. स्वीडिशमध्ये निश्चयवाचक उपपद नामाच्या आधी न येता नामाच्या शेपटाला चिकटते; स्वीडिशची पूर्वज असलेल्या प्राचीन नॉर्स भाषेत नामामागून येणारे 'इन्न' हे दर्शक सर्वनाम झिजून त्याचा हा प्रत्यय झाला. ग्रीप म्हणजे कोणताही एक ग्रीप, ग्रीपेन म्हणजे 'तो' ग्रीप. म्हणून मराठी मथळ्यांत दिसणारे 'द ग्रिपेन' हे रूप दुहेरी उपपदाचे आणि म्हणून अशुद्ध आहे. साबच्या जेट विमानांची नावे या दृष्टीने पाहिली की एकसारखी उलगडतात. 'तुन्ना' म्हणजे पिंप, तुन्नान म्हणजे ते पिंप. १ सप्टेंबर १९४८ रोजी प्रथम उडालेल्या या गोलमटोल विमानाला लोकांनीच हे नाव दिले. अशी ६६१ विमाने बांधली गेली, आणि त्यांतली काही संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगोत गेली, जिथे भारतीय हवाई दलाची कॅनबेरा विमाने त्यांच्याच जोडीने त्या मोहिमेत होती. 'लान्स' म्हणजे भाला, त्यावरून लान्सेन. त्यात शब्दशोधकाला रस वाटावे असे फारसे काही नाही.

द्राकेन मात्र थांबून पाहण्याजोगे आहे. 'द्राके' या शब्दाचे स्वीडिशमध्ये दोन अर्थ होतात, एक ड्रॅगन आणि दुसरा पतंग, आणि १९५५ साली उडालेल्या या दुहेरी त्रिकोणी पंखांच्या विमानाला दोन्ही शोभतात. त्याच्या पंखांची चाचणी घेण्यासाठी आधी जे छोटे विमान बनवले होते, त्याला 'लिल्लद्राकेन', म्हणजे छोटा द्राकेन, असे म्हणत. हा शब्द लॅटिन 'द्राको' आणि ग्रीक 'द्राकोन' यांच्यातून आला, आणि ग्रीक शब्दाचा संबंध 'देर्कोमाइ', म्हणजे पाहणे, या क्रियापदाशी जोडतात : ज्याची नजर जीवघेणी तो द्राकोन. हे क्रियापद संस्कृत 'दृश्' धातूचे सख्खे भावंड आहे. दर्शन, दृष्टी, आदर्श आणि द्राकेन हे एका घरातले शब्द आहेत! ज्यांना स्वीडिश विमानांत संस्कृतचे नाते शोधायचे आहे, त्यांनी ते इथे शोधावे. ते व्हिग्गेनमध्ये शोधतात, आणि तिथे ते नाही.

व्हिग्गेन आणि वज्र यांचा धातू एकच, हे मत आता इतक्या ठिकाणी उद्धृत होते की त्याचा स्पष्ट शब्दांत निषेध करणे भाग आहे. केवळ 'व' आणि 'ग-ज' जुळले म्हणून शब्द एका कुळातले ठरत नाहीत. वज्राचा मूळ धातू सामर्थ्य आणि चैतन्य या अर्थांचा मानला जातो, आणि स्वीडिश ज्यांत मोडते त्या जर्मानिक भाषांच्या ध्वनिनियमानुसार मूळचा ग तिथे क होतो. त्यामुळे वज्राचे स्वीडिश नातेवाईक 'व्हाकेन', म्हणजे जागा असलेला, आणि 'व्हेका', म्हणजे जागे करणे, असे निघतात. लॅटिनमध्ये 'विगोर', म्हणजे जोम, हाही त्यांचाच. 'व्हिग्ग' म्हणजे कोसळणारी वीज, पण तो वेगळा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ पाचर. लाकूड फोडताना सुतार ठोकतो ती पाचर.

मग पाचरीचे वीज कसे झाले? ते कारण मला या साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाचे वाटते. स्वीडनमध्ये शेत नांगरताना अश्मयुगातल्या दगडी कुऱ्हाडी सापडत. घासून गुळगुळीत केलेल्या, एका बाजूला धार असलेल्या, हुबेहूब पाचरीच्या आकाराच्या. त्या माणसाने घडवल्या आहेत हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. वीज पडते तेव्हा आकाशातून हीच पाचर येऊन जमिनीत रुतते, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि एकदा पडलेली वीज त्याच घरावर पुन्हा पडत नाही या विश्वासाने ती घरात जपून ठेवली जाई. अशा दगडाला 'ओस्कव्हिग्ग' म्हणत, म्हणजे गडगडाटाची पाचर. 'ओस्का' या गडगडाटवाचक शब्दातही देव दडलेला आहे. त्याचे जुने रूप 'देवाचे रथ हाकणे' अशा अर्थाचे होते, आणि हा देव म्हणजे उत्तरेकडच्या पुराणकथांतला 'थोर' नावाचा गडगडाटाचा देव. विमानाच्या नावात यातला फक्त 'व्हिग्ग' उरला. ८ फेब्रुवारी १९६७ रोजी प्रथम उडालेले हे विमान महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या सरळ पट्ट्यावरही उतरता यावे असे घडवले होते, आणि चाके टेकताच इंजिनाचा झोत उलटा फिरवून ते जागच्या जागी थोपवले जाई. अशी ३२९ विमाने बांधली गेली. १९७०च्या दशकात भारतही ते विकत घेण्याच्या विचारात होता, परंतु त्याचे इंजिन अमेरिकी प्रवासी विमानाच्या इंजिनावरून विकसित केलेले असल्यामुळे अमेरिकेची परवानगी लागत होती आणि ती मिळाली नाही; आपण जॅग्वार घेतले.

वज्र खरोखर उत्तरेकडे गेले आहे, पण ते स्वीडनमध्ये न जाता शेजारच्या फिनलंडमध्ये गेले. फिनिश भाषा आपल्या किंवा स्वीडिशच्या कुळातली नाही. तिने फार प्राचीन काळी इंडो-इराणी बोलणाऱ्या लोकांकडून जे शब्द उसने घेतले, त्यांत 'वज्र' होता, आणि तिथे त्याचा 'वासारा', म्हणजे हातोडा, झाला. उक्को या गर्जनेच्या देवाच्या हातात हाच वासारा असतो. आणि शेतात सापडणाऱ्या त्याच दगडी कुऱ्हाडींना फिन लोक 'उकोनवाया', म्हणजे उक्कोची पाचर, म्हणतात. त्यातला 'वाया' हा शेजारच्या भाषांमधून आलेला शब्द व्हिग्गच्या नात्यातला आहे. म्हणजे वज्र आणि व्हिग्ग यांची भेट झाली ती धातुकोशात नव्हे, तर एका फिनिश देवाच्या हातात, जिथे एक हातोडा आहे आणि दुसरी पाचर. फिनलंडने स्वीडनकडून द्राकेन विमाने घेतली, व्हिग्गेन घेतले नाही, याची मला शब्दप्रेमी म्हणून मनापासून खंत वाटते.

राहता राहिला एक मुद्दा, जो माझा स्वतःचा आहे आणि ज्यावर मी ठाम आहे. स्वीडिशमध्ये 'व्हिग्ग' हे एका बदकाचेही नाव आहे. हे तेच शेंडी बदक, जे हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर उतरते. कोशात हे दोन व्हिग्ग वेगळे मानले जातात आणि विमानाचा संबंध बहुधा विजेशी लावला जातो. परंतु व्हिग्गेनची ओळख होती ती मुख्य पंखांच्या पुढे बसवलेल्या दोन लहान पंखांमुळे, आणि अशा रचनेला साऱ्या जगात 'कानार' म्हणतात. कानार हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ बदक. १९०६ साली पॅरिसमध्ये सांतोस-द्युमों यांचे पुढे मान काढलेले विमान उडाले, तेव्हापासून तो रूढ झाला. बदक म्हणवणाऱ्या रचनेच्या विमानाला बदकाचेच नाव असलेला शब्द सुचवणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसेल, हे मला पटत नाही. त्यांना वीज आणि बदक दोन्ही एकाच शब्दात मिळत होते, आणि द्राकेनच्या बाबतीत ड्रॅगन आणि पतंग एकत्र बांधल्याची सवय त्यांना आधीपासून होती.