घरची राईस मिल सांभाळताना गावासाठी काय करता येईल?

वडिलांची राईस मिल आता तुमच्या हाती आली आहे आणि नफ्यातला काही हिस्सा गावासाठी 'सीएसआर' (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) म्हणून कसा खर्च करावा, असं तुम्ही विचारलंय. आमचीही मिल आहे, गोंदिया जिल्ह्यात, आजोबांच्या हलरपासूनची (धान सडायचं जुनं यंत्र). म्हणून लिहितो.

कायद्याचं आधी उरकू. २०१३ च्या कंपनी कायद्यातली नफ्याच्या दोन टक्के समाजकामावर खर्चायची सक्ती ५०० कोटी नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता), १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यातलं एक तरी गाठणाऱ्या कंपन्यांना आहे. घरच्या भागीदारीतल्या मिलला ती लागूच नाही. त्यामुळे 'सीएसआर' हा शब्द सोडून द्या.

मी कारभार घेतला त्या वर्षी मिलमागच्या शाळेला बेंच दिले. पाठीवर मिलचं नाव रंगवून, हार-नारळासकट. आठवड्याने सहज गेलो तर हेडमास्तरांनी एका बेंचावरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. आमच्याच मिलच्या तुसाची धूळ. म्हणाले, "बेंच मजबूत आहेत, फक्त रोज सकाळी पुसावे लागतात." शंभर किलो धानामागे वीसेक किलो तूस निघतं आणि आमच्याकडे ते उघड्यावर पडत होतं. मग सायक्लोनची, म्हणजे हवेतून तूस-धूळ वेगळी करणाऱ्या नळकांड्याची, गळती बंद केली, तुसाला पत्र्याची बंद खोली बांधली, तूस न्यायला येणाऱ्या वीटभट्टीवाल्यांना ताडपत्री टाकल्याशिवाय ट्रॉली भरू देणं थांबवलं. बेंचांपेक्षा खर्च जास्त आला, आणि याला हार कोणी घातला नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड, कारण ती आपल्याच खिशाला लागते. लोक घरी खायला दोन-चार पोती धान भरडायला आणतात. बऱ्याच मिल त्याचे पैसे घेत नाहीत, कोंडा, म्हणजे पॉलिश करताना दाण्यावरून निघणारी साल, ठेवून घेतात. ऐकायला फुकट! पण तेलाचे कारखाने कोंडा विकत घेतात. जितकं जास्त पॉलिश, तितका कोंडा मिलवाल्याचा. दाब वाढवला की कोंड्यासोबत तांदळाचं पीठही जातं, म्हणजे शेतकऱ्याचा दाणा झिजवण्यातच आपला फायदा. आम्ही भरडाईचा दर पाटीवर लिहिला आणि कोंडा-कणी ज्याची त्याला द्यायला लागलो. पहिल्या हंगामात गिऱ्हाइकं तुटली, वडील तर माझ्याशी बोलेनात. पुढे लोकांनी घरी नेऊन तांदूळ मोजला, तशी काही परत आली.

सरकारने खरेदी केलेल्या धानाच्या भरडाईत कच्च्या (न उकडलेल्या) तांदळाचा उतारा शंभर किलो धानामागे ६७ किलो धरतात, हे आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे. "माझे ६७ का नाही भरले?" असं विचारतात. विचारू द्या. ओलावा त्यांच्यासमोर मोजा, काट्याचा आकडा त्यांना दिसेल असा ठेवा. एचएमटी वाणासारखा बारीक दाणा फार वाळवून आणला तर कणी वाढणारच, हेही तोंडावर सांगा.

बाकी यंत्राच्या पट्ट्यांना जाळी, हमालांना मास्क, हे सांगायला नको. धान पाखडायला येणाऱ्या बायांचा पदर पट्ट्यात अडकायला क्षण लागतो.

तुमची मिल साधा तांदूळ काढते की उकडा (धान भिजवून, वाफवून केलेला), ते लिहिलं नाहीत. उकडा असेल तर भिजवणीचं पाणी कुठे जातं ते उद्याच जाऊन बघा. नाल्यात सोडत असाल तर ते आंबतं, आणि तो वास खालच्या वस्तीने तुमच्या वडिलांच्या काळापासून सोसलेला असेल.