तारीख ॲपवर दिसते, पण दावा कुठे अडलाय?

या वेळच्या पत्रांचा ढीग उपसला तर निम्म्याहून जास्त प्रश्न फोनबद्दलचेच निघाले. पूर्वी लोक विचारायचे की मॅडम निकाल कधी लागेल, आता विचारतात ॲपवर असं का दिसतंय. शिवाजीनगर कोर्टात वीसेक वर्षं काळा कोट घालून फिरतीये, त्यामुळे दोन्ही काळ बघितलेत, तेव्हा जमेल तशी उत्तरं देते.

प्रश्न : वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीसाठी मी सख्ख्या दोन भावांवर दावा लावला, त्याला आता अकरा वर्षं झाली. नातवाने मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप टाकून दिलं. आमचे वकील म्हणतात "चालू आहे काका", पण ॲपवर गेले आठ महिने "स्टेप्स अनरेडी" दिसतंय. शिवाय वकिलांनी सांगितलेली तारीख आणि ॲपवरची तारीख वेगळी. खरं कोणाचं धरू? (मधला भाऊ गेल्या वर्षी वारला.) – एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

काका, तुम्ही कंसात टाकलेलं वाक्यच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तारखेचं नंतर बघू.

"स्टेप्स" म्हणजे कोणीतरी काहीतरी करायचंय आणि ते केलेलं नाही. समन्सची प्रोसेस फी भरायची असेल, पत्ता द्यायचा असेल, किंवा तुमच्यासारखं, प्रतिवादी वारलाय तर त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे असतील. आणि हे काम कोर्टाचं नसतं, दावा ज्यानं लावला त्याचं, म्हणजे तुमचं असतं. भाऊ गेल्यापासून ९० दिवसांत त्यांच्या बायकामुलांना पार्टी करायचा अर्ज द्यावा लागतो, नाही दिला तर त्या भावापुरता दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे बाद. मग ते अबेट होणं बाजूला सारायच्या अर्जाला पुढचे ६० दिवस, आणि तेही गेले असतील तर उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज, त्यात कारण द्यायचं. घाबरू नका, वाटणीच्या दाव्यांत कोर्टं याबाबत बऱ्यापैकी समजून घेतात, पण प्रत्येक महिना गेला की तुमचं कारण पातळ होत जातं. वकिलांना भाऊ वारल्याचं तुम्ही सांगितलंय का हे आधी आठवा बरं. निम्म्या वेळा अशिलाला वाटतं वकिलाला माहीत असेल आणि वकिलाला तेराव्यानंतर सहा महिन्यांनी कळतं.

आता तारखेचं. प्रत्येक केसला एक सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, पुण्याच्या जिल्हा कोर्टाचा एमएचपीयू पासून सुरू होतो, शेवटचे चार आकडे दावा दाखल झाल्याचं साल. तो टाकला की पुढची तारीख, स्टेज, मागच्या सगळ्या तारखा, काही वेळा हुकूमही दिसतात. हा ई-कोर्ट्सचा प्रकल्प २००७ पासून चालू आहे आणि तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये केंद्रानं ७,२१० कोटी रुपये मंजूर केलेत. पण काका, एवढ्या कोटींच्या शेवटच्या टोकाला एक क्लार्क बसलेला असतो, तो बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, संपल्यावर संध्याकाळी तारखा भरतो, आणि न्यायाधीश साहेब रजेवर असले की सगळ्या बोर्डाला एकदम पुढची तारीख पडते, मग त्यातल्या काही दुसऱ्या दिवशी बदलतात. त्यामुळे ॲपवरची तारीख बहुतेकदा बरोबरच असते पण ती माहिती म्हणून, पुरावा म्हणून नाही. भांडायची वेळ आली तर रोजनामा, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, बघायचा आणि सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची, तीच खरी.

आणि एक, नातवाकडून ॲप शिकलात ते झकास केलंत, फक्त ते घेऊन वकिलांच्या ऑफिसात "हे बघा काय दिसतंय" म्हणून मोबाईल नाचवत जाऊ नका. शांतपणे विचारा, "स्टेप्स म्हणजे माझ्याकडून काय राहिलंय?" बघा कसा सूर बदलतो ते.

प्रश्न : वाकडला फ्लॅट सोडला, मालक डिपॉझिटचे दीड लाख देत नाहीये. व्हॉट्सॲपवर त्याने "पुढच्या महिन्यात नक्की देतो" असं तीनदा लिहिलंय, आता म्हणतो डिपॉझिट घेतलंच नव्हतं. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, चालतील ना? – आयटीवाला, आता बाणेर

नुसते चालणार नाहीत. स्क्रीनशॉटची प्रिंट म्हणजे कागदावरचं एक चित्र, आणि चित्र कोणीही बनवू शकतं, तुम्ही तर आयटीतले, तुम्हाला मी काय सांगू.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा लागू झालाय, भारतीय साक्ष्य अधिनियम. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं. त्याचे दोन भाग, पहिला तुम्ही भरायचा आणि दुसरा एक्स्पर्टनं. फोनची कंपनी, मॉडेल, अगदी रंग, आयएमईआय नंबर आणि त्या फाईलची हॅश व्हॅल्यू, सगळं त्यात येतं. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा, एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा बदलतो. हा एक्स्पर्ट नक्की कोणाला म्हणायचं यावरून आमच्या बार रूममध्ये अजून चहाचे कप थंड होतात ते सोडा. दुसरा रस्ता असा की मूळ फोनच कोर्टात हजर करायचा आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं की हा माझा फोन, हे त्यातले मेसेज. मग सर्टिफिकेटची गरज नाही, पण फोन कोर्टाच्या ताब्यात गेला तर कधी परत येईल याची गॅरंटी मी देत नाही.

हे सर्टिफिकेटचं प्रकरण सुप्रीम कोर्टानं, तेव्हाच्या जुन्या कायद्याखाली, पक्कं केलं ते आपल्याच जालन्याच्या भांडणात, बरं का. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, मुद्दा असा की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत भरला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसात व्हिडिओ शूटिंग चालू होतं, सीडी मिळाल्या, पण सर्टिफिकेट काही केल्या अधिकारी देईनात. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सर्टिफिकेट हवंच, मात्र समोरचा अधिकारी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट मागवून देईल, आणि ज्यानं सगळे प्रयत्न करूनही मिळालं नाही त्याला अडवून धरता येणार नाही. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. मागितलं, लेखी मागितलं, परत मागितलं, याचे कागद सांभाळा.

पण तुमच्या केसमध्ये मला व्हॉट्सॲपपेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तुमचं लीव्ह अँड लायसन्स झालं तेव्हा एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता ना? सोफ्यावर बसून मालकाचा, तुमचा आणि दोन साक्षीदारांचा अंगठा आणि फोटो घेतला असेल, तुम्ही चहा दिला असेल. मग तो करार सरकारकडे रजिस्टर आहे आणि त्यात डिपॉझिटचा आकडा लिहिलेला असतो. तो काढा, सोबत बँकेतून पैसे गेल्याची एंट्री लावा, मालकाचं "घेतलंच नव्हतं" तिथेच संपतं. आणि करार रजिस्टरच केला नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ वाचा. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि केलं नाही तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पुण्यात लाखभर रुपये भाडं घेणाऱ्या मालकांनाही हे माहीत नसतं, ऐकल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो.

तोपर्यंत चॅट डिलीट करू नका, डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर बंद करा, आणि दिवाळीच्या सेलमध्ये फोन एक्स्चेंजला तर अजिबात देऊ नका.

प्रश्न : सासऱ्यांना व्हिडिओ कॉल आला, समोर पोलिस ड्रेसमधला माणूस, मग कोर्टरूम, जज, आणि व्हॉट्सॲपवर सुप्रीम कोर्टाच्या शिक्क्याची ऑर्डर. खोलीतून हलू नका म्हणाले. पैसे भरायच्या आत मी फोन काढून घेतला. हे खरंच असू शकतं का? – एक सूनबाई, सिंहगड रोड

नाही, नाही आणि नाही. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. सासऱ्यांना वेडं ठरवू नका, २०२४ मध्ये पंजाबातल्या एका नामांकित उद्योगपतींना अशीच बनावट सुप्रीम कोर्टाची सुनावणी दाखवून ७ कोटी काढून घेतले होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करून तक्रार नोंदवा, पैसे गेले नसले तरी.

गोंधळ होतो तो यामुळे की व्हॉट्सॲपवर कोर्टाचं काही येतच नाही असंही नाहीये. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या जस्टिस गौतम पटेलांनी एका प्रकरणात पीडीएफ नोटीस उघडल्याच्या खुणा बघून बजावणी झाली असं मानलं होतं. उलट २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं बजावलं की पोलिसांनी चौकशीला बोलावायची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागवू नये. म्हणजे आलेला कागद फेकायचाही नाही आणि भ्यायचंही नाही. त्यावरचा केस नंबर स्वतः ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघायचा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून जायचं नाही.

प्रश्न : तीन वर्षं प्रॅक्टिस झाली. सिनिअर चॅटजीपीटीचं नाव काढलं की भडकतात. मी मात्र ड्राफ्टिंगला वापरतो, वेळ निम्मा लागतो. चुकतोय का? – एक ज्युनिअर, शिवाजीनगर

वापरतोस हे चुकत नाहीयेस, काय तपासतोस ते सांग.

माझ्याकडेच गेल्या पावसाळ्यात एका पोरीनं मनाई अर्जासाठी, आपल्या निशाणी ५ साठी रे, चार सायटेशन, म्हणजे आधाराला जुने निकाल, आणली. मस्त होती. इतकी मस्त की आपल्याच केससाठी लिहिल्यासारखी, तिथेच मला शंका आली. सुप्रीम कोर्टाचं निकाल शोधायचं ई-एससीआर पोर्टल फुकट आहे, तिथे बसून शोधलं. दोन निकाल खरे, एक खरा पण त्यात ते वाक्यच नाही, आणि चौथा कुठेच नाही. पक्षकारांची नावं, साल, पान नंबर, सगळं व्यवस्थित, फक्त तो खटला कधी झालाच नव्हता. पोरीला मी ओरडले नाही, चौथ्या सायटेशनची सर्टिफाईड कॉपी काढून आण म्हटलं.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये असंच करून वकिलांना ५,००० डॉलरचा दंड बसला. ते लांबचं वाटत असेल तर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं इन्कम टॅक्सची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, कारण त्यात आधार दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. केरळ हायकोर्टानं त्याच वर्षी जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं, एआय निकाल द्यायला वापरायचं नाही म्हणून. वकालतनाम्यावर सही तुझी असते, चॅटजीपीटीची नाही, साहेब कोणाला विचारणार आहेत?

आणि अशिलाचे कागद त्यात अख्खे टाकत जाऊ नकोस. नाव, गट नंबर, कौटुंबिक भानगडी, हे सगळं त्यानं तुला सांगितलेलं असतं, मशीनला नाही. भाषांतराला, तारखांची यादी काढायला, इंग्रजी सरळ करायला जरूर वापर. मावळातल्या एखाद्या जमिनीचा जुना फेरफार मोडीत आला की मात्र मी अजूनही मोडी वाचणाऱ्या काकांकडेच जाते.

सिनिअरवर चिडू नकोस. त्यांच्या तीस वर्षांच्या कैफियती जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, युनिकोड नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसता कचरा दिसतो. त्या बदलून दे त्यांना. भांडणापेक्षा लवकर काम होईल.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत, जावई पुण्यात, दोन वर्षं वेगळे राहतात, सगळं बोलून ठरलंय, म्युच्युअलने घटस्फोट हवाय. व्हिसाच्या भानगडीमुळे ती येऊ शकत नाही. यावंच लागेल का? – एक आई, कोथरूड

ताई, बहुतेक नाही. व्हिडिओवर साक्ष घेता येते हे सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच महाराष्ट्राच्या एका खटल्यात मान्य केलंय, त्यात साक्षीदार अमेरिकेतले डॉक्टर होते. आणि २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात तर म्युच्युअलसाठी स्पष्टच म्हटलंय की व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरता येईल आणि जवळच्या नातेवाइकांमार्फत, म्हणजे आईवडील, भाऊबहीण, बाजू मांडू देता येईल. त्याच निकालामुळे अर्जानंतर थांबायचे मधले सहा महिने माफ होऊ शकतात, तुमच्याकडे वेगळं राहण्याची दोन वर्षं आणि ठरलेलं सगळं आहे, तेव्हा तोही अर्ज सोबत करा. तुमच्या नावानं मुलीकडून कुलमुखत्यारपत्र मागवा, तिथल्या नोटरीपुढे सही करून अपोस्टिल केलेलं (म्हणजे कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का मारलेलं), साध्या ईमेलवरचं नको.

परवानगी मात्र साहेबांची लागते, ॲटोमॅटिक काही नाही. नियमाप्रमाणे परदेशातला माणूस भारतीय कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्यासमोर बसून बोलतो, पण आपल्याकडे सकाळी ११ ला बोर्ड सुरू होतो तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि कॉन्सुलेटला कुलूप. त्यामुळे अर्जात घरून बोलायची परवानगी मागा, आणि वेळ दुपारच्या सत्रातली नको, सकाळचीच मागा, नाहीतर पोरगी पहाटेपर्यंत जागी बसेल. खोलीत तिच्याशिवाय कोणी नको, कॅमेरा सगळी खोली दाखवायला सांगतात. आणि पासपोर्ट हाताशी ठेवायला सांगा, आधी तोच मागतात.