गोल्फ एकट्याचा खेळ, मग आयझेनहॉवर ट्रॉफीत, म्हणजे हौशी पुरुष गोल्फरांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत, संघाचा स्कोअर कसा धरतात?

हर्णैच्या वाळूत टेनिस बॉलचं क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या पोरांना हा प्रश्न पडणारच. तिकडे भिडू अकरा, इथे फक्त तीन, आणि तिघांचे चेंडूही वेगवेगळे.

समजा पहिल्या दिवशी तिघांचे फटके ७०, ७२ आणि ७९ झाले. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, म्हणून रोज तिघांपैकी कमी फटक्यांच्या दोघांचेच धरायचे: ७९ सोडून द्यायचे, संघाचे १४२. दुसऱ्या दिवशी त्याच ७९वाल्याने ६८ मारले तर ते धरले जातात. म्हणजे काल बुडालेला आज तारतो. असे चार दिवस, दर दिवशी १८ होल, म्हणजे चेंडू घालायचे खळगे. सगळ्यात कमी बेरीज त्याचा चषक. माझ्या मते खरी गंमत यातच आहे, कारण एकाचा दिवस वाईट गेला तरी चालतो, पण दोघांचा गेला की कपाळाला हात!

पूर्वी संघात चौघे असत आणि तिघांचे फटके धरत. २००२पासून तिघे आणि त्यातल्या दोघांचे, असं झालं. पहिली स्पर्धा १९५८ साली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला झाली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका बरोबरीत अडकले, शेवटी प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा फेरीत, ऑस्ट्रेलिया जिंकलं. बायकांची एस्पिरितो सांतो ट्रॉफी वेगळी, ती १९६४पासून. दोन्हीकडे खेळाडू हौशीच, व्यावसायिकांना प्रवेश नाही.