इंग्रजी वाक्याचा अर्थ सरळ घ्यावा की लाक्षणिक, हे कसे ओळखावे?

इंग्रजी वाचताना प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही वाक्य हाती लागत नाही, तेव्हा ते शब्दशः घ्यायचे नाही हे ओळखावे कसे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करतो आणि या बाबतीत मला सर्वाधिक उपयोग झाला तो कोणत्याही इंग्रजी व्याकरणाचा नव्हे, तर संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तील लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याच्या, विवेचनाचा.

लक्षणा होण्यासाठी मम्मट तीन गोष्टी आवश्यक मानतो: मुख्य अर्थाला बाध येणे (म्हणजे तो तसाच घेता न येणे), नव्या अर्थाचा त्याच्याशी काही संबंध असणे आणि तसे बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असणे. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रवाहावर वाडा वसत नाही, म्हणून आपण काठ असा अर्थ घेतो आणि गंगेचा गारवा व पावित्र्य त्या काठाला आपोआप लाभते. हीच कसोटी ‘द केटल इज बॉइलिंग’ या वाक्याला लावा. उकळते ते पाणी, किटली नव्हे. पण पाणी किटलीत आहे आणि तसे म्हणण्याची रूढी आहे, एवढ्यावर काम भागते.

शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ या नाटकात सीझरच्या हत्येनंतर त्याचा मित्र अँटनी जमावाला ‘लेंड मी युअर इअर्स’ म्हणतो, तेथे मात्र थांबावे लागते. कान उसने देता येत नाहीत, हा झाला बाध. कान म्हणजे ऐकणे, हा संबंधही लगेच कळतो. पण त्याने ‘द्या’ न म्हणता ‘उसने द्या’ का म्हणावे? समोरचा जमाव सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या भाषणाने नुकताच भारावलेला आहे. अशा लोकांकडे थोड्या वेळापुरतेच काही मागणे शहाणपणाचे असते. प्रयोजन शोधण्याची ही तिसरी पायरी वाचक बहुधा गाळतात, आणि माझ्या मते वाचनाचा खरा आनंद तिथेच असतो.

वाक्प्रचारांपाशी ही कसोटी लंगडी पडते, कारण ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे कितीही तर्क केला तरी निघत नाही. तेथे शब्दरचनेचा ताठपणा पाहावा. ‘द’च्या जागी ‘अ’ घातला किंवा वाक्य कर्मणी केले, तर मरणाचा अर्थ नाहीसा होऊन नुसती बादली उरते. असा संशय आला की शब्दकोशात मुख्य शब्दाच्या नोंदीखाली वाक्प्रचार शोधावेत.

मराठी वाचकाला अधिक धोका असतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या वाक्प्रचारांचा. एका माणसाला लग्नाआधी ‘कोल्ड फीट’ आल्याचे वाचून मी सुरुवातीच्या काळात ‘त्याचे हातपाय गार पडले’ असे बेधडक लिहिले होते. मराठीत हातपाय गार पडतात ते भीतीने किंवा धक्क्याने. इंग्रजीतील तो माणूस मात्र ठरवलेल्या गोष्टीतून ऐनवेळी मागे सरत होता. त्याने ‘कच खाल्ली’, एवढेच म्हणायचे होते. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ आणि आपले नक्राश्रू तंतोतंत जुळतात, त्यामुळे हा मोह अधिकच वाढतो.

सर्वांत अवघड प्रकार उपरोधाचा, कारण तेथे वाक्यात काहीच खटकत नाही. धो धो पावसात भिजलेला इंग्रज ‘लव्हली वेदर’ म्हणतो, तेव्हा बाध वाक्यात नसून खिडकीबाहेर असतो. आपल्याकडे याला विपरीत लक्षणा म्हणतात. म्हणून असे वाक्य एकटे वाचू नये, आधीचे दोन परिच्छेद पुन्हा पाहावेत. ‘लिटरली’ या शब्दावरही विसंबू नये. त्याचा अर्थ ‘अक्षरशः’ असला, तरी ‘आय लिटरली डाइड’ असे सांगणारा माणूस तुमच्यासमोर धडधाकट उभा असतो.